पत्रात चांदणं कुठून आलं

लढाईवर गेलेल्या शिंप्याच्या पत्रांत गोड शब्द औषधालासुद्धा सापडायचा नाही. पहिल्याच पत्रात त्याने बायकोला लिहिलं, ‘तुझ्यावाचून इथे फार शांत वाटतं. तोफांचा आवाज होतो, पण त्या मधूनमधून थांबतात तरी.’ पुढच्या पत्रात कळवलं, ‘आमचा आचारी तुझ्याहून वाईट स्वयंपाक करतो. असा माणूस जगात असेल असं वाटलं नव्हतं.’

बायको तरी कुठे कमी होती? दोघांचं मिळून शिवणाचं दुकान. तो कापायचा, ती शिवायची, आणि दिवसभर दोघांची तोंडं मशिनच्या बरोबरीने चालायची. तिने उलटटपाली लिहिलं, ‘तुम्ही गेल्यापासून गिऱ्हाइकांना कपडे वेळेवर मिळतात. लढाई लांबली तरी त्यांची तक्रार नाही.’ आणि हे असलं पत्र टाकायला ती स्वतः जायची, ते पेटीत नीट पडलं का हे वाकून बघायची.

सासूबाईंना वाचता येत नव्हतं. दुकानाच्या दारात बसून काजं करता करता त्या पत्र ऐकायच्या आणि कपाळाला हात लावायच्या. ‘‘बायकोला असं लिहितात होय? याचे वडील मला...’’ एवढं म्हणून त्या थांबायच्या, आणि वडील नेमकं काय म्हणायचे ते आठवत बसायच्या.

मग एक पत्र आलं. अक्षर मोत्यासारखं, अनोळखी, आणि सुरुवातच ‘प्राणप्रिये’. पुढे चांदणं होतं, मंद वारा होता, तुझ्या आठवणीने डोळ्याला डोळा लागत नाही, असंही होतं. शेवटी लिहिलं होतं, ‘सध्या कामाचा व्याप आहे, म्हणून मित्राच्या हातून लिहून घेतो आहे. मी सुखरूप आहे.’

सासूबाईंनी ते पुन्हा वाचायला लावलं. ‘‘लढाईत माणूस सुधारतो म्हणतात, ते काही खोटं नाही हो,’’ त्या म्हणाल्या.

सून मात्र धास्तावली. नवरा गोड केव्हा बोलतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. एका गिऱ्हाइकाच्या लग्नाच्या कोटाला त्याने इस्त्रीने भोक पाडलं, त्या दिवशी तो तिला सकाळपासून ‘राणी’ म्हणत होता. एका कोटापायी राणी, तर प्राणप्रिये कशापायी? की तो आता उरलाच नव्हता, आणि कुणी भला सोबती घरच्यांचं मन राखायला पत्रं लिहीत होता? हा विचार एकदा शिरला तो निघेना. सासूबाईंजवळ बोलायचीही सोय नव्हती. त्या गल्लीभर चांदणं सांगत फिरत होत्या.

शेवटी तिने एक डाव टाकला. जाण्यापूर्वी शिंप्याने डॉक्टरांचा कोट कापून ठेवला होता. डॉक्टरांचा डावा हात उजव्यापेक्षा बोटभर आखूड होता, आणि हे स्वतः डॉक्टर, कापणारा आणि शिवणारी यांच्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. कोट तिने कधीच शिवून दिला होता, अगदी बेतशीर. तरी तिने लिहिलं, ‘डॉक्टरांच्या कोटाची एक बाही आखूड निघाली. तुमचं कापणं चुकलं. चारचौघांत हसं झालं.’ कोणती बाही, ते मुद्दाम लिहिलं नाही. तो जिवंत असेल तर हे ऐकून घेणार नाही, एवढी तिला खात्री होती.

त्यानंतर पोस्टमन गल्लीत शिरला की तिचं मशिन थांबायचं. तो न थांबता पुढे गेला की पुन्हा सुरू व्हायचं, पण शिलाई वाकडी जायची. एका पँटचा खिसा तिने उलटा लावला. गिऱ्हाइकाने तिचा चेहरा बघितला आणि पँट मुकाट्याने घडी घालून नेली.

एकदाचं पत्र आलं. अक्षरं इतकी वेडीवाकडी की पत्ता पोस्टमनने अंदाजानेच ओळखला होता.

‘अगं शहाणे, डावी बाही आखूडच कापली आहे. डॉक्टरांचा हात तेवढाच आहे. तू ती उजवीकडे लावली असशील. माझ्या कापण्याला नावं ठेवू नकोस.’

तिने ‘शहाणे’ पुन्हा एकदा वाचलं. तो होता. जसाच्या तसा होता.

खाली आणखी मजकूर होता. ‘उजव्या हाताला गोळी लागली. जिवाला धोका नाही, पण बोटं हलत नाहीत. आईला सांगू नकोस. इथे दवाखान्यात शेजारच्या खाटेवर एक शाळामास्तर आहे, मागचं पत्र त्याने लिहिलं. मी त्याला सांगितलं होतं, लिही, मी नाही म्हणून कात्री गंजवू नकोस. तो म्हणाला, पत्नीला असं लिहू नये. त्याचं लग्न व्हायचंय. चांदणं त्याचं आहे. हे एवढं डाव्या हाताने लिहायला सगळी दुपार गेली. आता मला कापता येईल असं वाटत नाही. कापता न येणाऱ्या शिंप्याचं तू काय करशील, ते कळव.’

‘‘काय म्हणतोय?’’ सासूबाईंनी विचारलं.

तिने सगळं वाचून दाखवलं. एक अक्षर गाळलं नाही. सासूबाईंची सुई थांबली. त्या म्हणाल्या, ‘‘हा माझाच. तो चांदण्यावाला मला तेव्हाच परका वाटला होता.’’ आणि मग त्या रडल्या.

सून लिहायला बसली. ‘अक्षर अगदी घाण आहे. रोज एक पान लिहून पाठवत जा. कापण्याचं म्हणाल, तर तुम्ही सांगा, मी कापीन. नाहीतरी दुकानात तुमच्या हातापेक्षा तोंडच जास्त चालायचं, आणि त्याला काही झालेलं दिसत नाही. हे पत्र मास्तरांना दाखवू नका.’

खाली एखादा तरी गोड शब्द लिहावा, असं तिला फार वाटलं. पेन कागदावर टेकवून ती कितीतरी वेळ तशीच बसली. पण तो वाचून घाबरला असता, म्हणून तिने पाकीट बंद केलं.