सीताफळाच्या बियांचा लेप

"आई गं, डोळा! चाची, डोळा जळतोय!"

कमळीच्या किंकाळीनं कुलसुमबीच्या हातातला तांब्याच निसटला. निजामाचं राज्य जाऊन आठ-दहा वर्षं झाली, पण तेरच्या पोरींच्या डोक्यातलं उवांचं राज्य काही हललं नव्हतं. सीताफळाच्या बिया वाटून लेप लावावा तर कुलसुमबीनंच. ते बी म्हणजे जहर. उवा मरतात, पण डोळ्यात गेलं तर डोळाही जातो. म्हणून कपाळाला पट्टी घट्ट बांधायची, आणि डोकं धुताना मान मागं टाकायची. आज ती तांब्या भरायला वळली तेवढ्यात रोजच्या सवयीनं पोर पुढं वाकली, पट्टी सुटली आणि लेप ओघळून डोळ्यात गेला.

"चोळू नको बेटी, हात लावू नको!" ती पाणी ओतत राहिली. पोरीची आई गंगम्मा धावत आली.

"चाची, डोळा ऱ्हाईल न्हवं?"

"ऱ्हाईल की. का न्हाय ऱ्हाणार?" कुलसुमबी म्हणाली खरी, पण पाणी ओतायची थांबली नाही. तिचा स्वतःचा डावा डोळा लहानपणीच फूल पडून गेलेला. देवी आल्या होत्या, असं ती गावाला सांगत आली होती. खरं कळलं असतं, तर कुणी आपली पोर तिच्यापुढं बसवली असती?

उस्मानाबादच्या दवाखान्याला जायची मोटार सकाळीच होती. तोवर पोरीचा डोळा सुजून मिटलेला. रात्रभर कुलसुमबीनं अल्लाकडं एकच मागितलं, माझा उरलेला घे, पण हिचा राहू दे.

सकाळी मोटारीची वाट बघताना कमळीची पापणी जराशी उघडली. कुलसुमबीनं पोरीचा चांगला डोळा तळहातानं झाकला.

"काय दिसतंय, बेटी?"

पोर तिच्या तोंडाकडं निरखून बघू लागली.

"चाची, तुमच्या डोळ्यात हे पांढरं काय हाय?"

पोरीला दिसत होतं! कुलसुमबीनं तिच्या डोळ्यावरचा हात काढला. रडू आणि हसू एकदमच आलं. "ह्योच लेप गं. माझ्या अम्मीच्या हातनं डोळ्यात गेला हुता."

गंगम्मानं ते ऐकलं आणि पोरीला आपल्याकडं ओढून घेतलं. मोटार आली, दोघी चढल्या. कुलसुमबीला कुणी चला म्हणालं नाही.

मोटार वळेपर्यंत कमळी खिडकीतून तिच्याकडं बघत होती, दोन्ही डोळ्यांनी.