राहीबाईच्या गालावरची खळी

मी खळी बोलतेय. पाथर्डीकडच्या राहीबाईच्या डाव्या गालावरची. ती हसली तरच मी असते, एरवी माझा पत्ता नसतो. असलं माझं परस्वाधीन जिणं!

राहीला पहिली लेक झाली, छबू. तिच्याही डाव्या गालावर माझ्यासारखीच खळी. राहीची सासू साळूबाई, तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. रोज सकाळी ती नातीला गुदगुल्या करून हसवायची, बोटानं खळी चाचपायची आणि नेमकी त्यातच काजळाची तीट लावायची. दृष्ट लागते ती खळीलाच, असं त्या घरचं म्हणणं.

बहात्तरचा दुष्काळ आला. राही नवऱ्याबरोबर दूरच्या तलावाच्या कामावर खडी फोडायला गेली. तिच्या अंगावरचं दूध आटलं होतं, म्हणून छबूला सासूपाशी ठेवलं, घरच्या शेळीच्या भरवशावर.

श्रीमंत नावाचा गावचाच एक गडी कामावर येऊन-जाऊन असायचा. तो दिसला की राही हातोडा टाकून धावायची.

"भावजी, पोर कशी हाय?"

"साळूआत्या म्हनती, लई हसरी झालीय. आता गुदगुल्या बी कराव्या लागत न्हाईत. बोट लावलं की खळी घावती."

राही धुळीनं माखलेल्या तोंडानं हसायची. मी उमटायचे. खरं सांगते, त्या उपासमारीतही मला मिरवावंसं वाटायचं.

होळीला राही घरी गेली. शेळी कधीच आटली होती. म्हातारी ज्वारीच्या पिठाचं पाणी पाजत होती. झोळीत छबू निपचित पडलेली, गाल पार आत गेलेले. डाव्या गालाच्या खड्ड्यात सकाळचीच तीट होती. म्हातारीच्या बोटाला लागत होती ती खळी नव्हती, गालच उरला नव्हता.

राही तिला उचलून दवाखान्याला निघाली. एसटी यायच्या आत मांडीवरच पोर गेली.

पुरायला नेण्याआधी साळूबाईनं गाल चाचपला. "राही, खळी हाय गं. हसत गेली पोर."

राहीला ऊर फोडून ओरडावंसं वाटलं. पण म्हातारीचं बोट अजून त्या खड्ड्यातच होतं.

"व्हय आत्याबाई," ती म्हणाली, "हसतीय."

म्हातारीनं काजळाची डबी मागितली आणि शेवटची तीट लावली.

आता पाऊसपाणी झालंय. राहीच्या गालांनी पुन्हा मांस धरलंय. परवा शेजारणीच्या चेष्टेनं मी चुकून उमटले, तर राहीनं दचकून मला बोटानं चाचपलं, आणि तळहातानं गाल दाबून धरला. बायांनो, तुमची माया कळते मला. पण तिला हसवू नका.