कोपऱ्यातली निळी टाकी

पक्ष्यांमधलं मला काडीचंही कळत नाही, हे आधीच सांगून टाकते. केब्राडा ओंडा या आमच्या डोंगरातल्या गावच्या शाळेत एकतीस वर्षं मी चित्रकला शिकवली, म्हणजे पोरांनी एकमेकांचे कान रंगवू नयेत एवढं पाहिलं. निवृत्त होऊन घरात भिंतींशी भांडत बसले होते, तेव्हा एग्ले आली. एग्ले माझीच विद्यार्थिनी. राजधानीत, काराकासला जाऊन पक्ष्यांची शास्त्रज्ञ झाली आणि कार्देनालितो शोधायला आमच्याच डोंगरावर परत आली. कार्देनालितो म्हणजे मुठीत मावेल एवढं लाल पाखरू, डोकं तेवढं काळं. माझ्या लहानपणी ते आमच्या परसात यायचं. आता झाडावर कमी आणि पिंजऱ्यात जास्त. पिवळ्या कॅनरी पक्ष्याच्या मादीशी त्याची जोडी लावली की लाल पिल्लं होतात म्हणे, आणि शौकीन लोक त्यापायी वेडे होतात.

आमच्या गावानं शास्त्रज्ञांना एक दंडक घातला होता. ज्यांच्या कॉफीच्या मळ्यात जाळी लावली, पक्षी मोजले, त्यांना वर्षाच्या शेवटी समोर बसवून काय सापडलं ते सांगायचं. पहिल्या वर्षी मंडळी आली, पडद्यावर आलेख दाखवले, आणि चर्चच्या सभागृहात अर्धं गाव घोरायला लागलं. बेकरीवाला तर खुर्चीवरून पडला. एग्लेला रडू कोसळायचं बाकी होतं. दुसऱ्या वर्षी ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, बाई, आम्ही बोलतो तेवढ्या वेळात तुम्ही ते चित्रात उतरवाल का?

एकेकाला पंधरा मिनिटं. एक मोठा कागद, काळं पेन, दोन रंग. बोलणारा खाली बसला की माझा कागद त्याच्यामागे बांधलेल्या कपडे वाळत घालायच्या दोरीवर चिमट्यानं लटकायचा. मग लोक कॉफीचे पेले घेऊन दोरीखालून फिरायचे. पिल्लं किती जगली, कुठल्या झाडाचं बी खातात, पाऊस लांबला की घरटं का टाकून देतात, सगळं चित्रात. अक्षरशत्रू म्हाताऱ्यासुद्धा बोट ठेवून भांडायच्या की हे चुकलंय, आमच्याकडे ते पेरूवर बसतं. शास्त्रज्ञ वही काढून लिहून घ्यायचे. मला मान मिळायचा आणि मला तो आवडायचा, खोटं कशाला बोलू.

नियम एकच होता, आणि एग्लेनं तो मला तीनदा बजावला होता. जागा काढायची नाही. मळ्याचं नाव नाही, खूण नाही, डोंगराची कड नाही. पकडणाऱ्यांना तेवढं पुरतं. ते पिंजऱ्यात मादी घेऊन येतात, फांदीला चिकट डिंक लावतात आणि दुपारपर्यंत झाड रिकामं करतात.

तिसऱ्या वर्षी एग्लेचं स्वतःचं भाषण होतं. आमच्या साऱ्या डोंगरावर कार्देनालितोच्या आठ जोड्या उरल्या होत्या आणि त्यांतल्या पाच एकाच मळ्यात. कारण त्या शेतकऱ्यानं सावलीची जुनी झाडं तोडली नव्हती. बाकी सगळ्यांनी तोडली. उन्हात वाढणारी नवी कॉफी जास्त पीक देते असं कचेरीतल्या साहेबांनी सांगितलं होतं, आणि साहेबानं सांगितलं की आम्ही कुऱ्हाड शोधतो. या एकट्यानं ऐकलं नाही. एग्ले म्हणाली, त्या एका माणसामुळे हा पक्षी आज इथे आहे. नाव घेतलं नाही, घेता येत नव्हतं.

तो माणूस माझ्या शेजारीच बसला होता. एलादिओ एस्कालोना, सत्तरी ओलांडलेला, टोपी गुडघ्यावर. पाखरांची राखण त्याच्याकडेच होती आणि ती तो जीव लावून करायचा. कुठल्या जोडीनं कुठे घरटं बांधलं हे एग्ले, तिचे दोन सहकारी आणि तो एवढ्यांनाच ठाऊक. मी एकदा एग्लेबरोबर त्याच्या घरी गेले होते, तेव्हा त्यानं आम्हाला हातानं भाजलेल्या अरेपा, म्हणजे मक्याच्या जाड भाकऱ्या, वाढल्या होत्या आणि मागची झाडं दुरूनच दाखवली होती, नवी सून दाखवावी तसा लाजत.

टाळ्या पडल्या. एलादिओनं माझ्या कागदाकडे वाकून पाहिलं आणि हळूच म्हणाला, "मास्तरीणबाई, एवढं सगळं माझ्या झाडांचं, आणि मी कुठेच नाही. माझी टाकी तरी काढा. कुणाला कळतंय? मला कळेल."

त्याच्या घरावर पाण्याची निळी टाकी आहे, एका बाजूला पोचा पडलेली. मला गहिवरून आलं. या माणसाचं नाव आयुष्यात कशावर लागलं असेल? जन्मदाखल्यावर. मी खालच्या उजव्या कोपऱ्यात घर काढलं, टाकी काढली, पोच्यासकट. मागे तीन झाडं काढली, मधलं फांदी मोडलेलं, जसं पाहिलं होतं तसंच. माझा हात वाईट नाही, हीच माझी खोड. पण मग कोपरा फिका दिसायला लागला. वर सगळीकडे लाल होतं आणि खाली नुसतं निळं. कागदाचा तोल जात होता. म्हणून मधल्या झाडाच्या शेंड्यावर मी लाल रंगाचा एक ठिपका ठेवला.

बस्स. एवढंच मी केलं. कागद दोरीवर गेला, लोकांनी फोनवर फोटो काढले, एग्लेला बस गाठायची होती, तिनं घाईत एक नजर टाकून मला मिठी मारली. तिनं सगळा कागद पाहिला, कोपरा पाहिला नाही. तो पाहायचं काम माझं होतं.

दोन महिन्यांनी एलादिओच्या मळ्यातली पाखरं गेली. पाचही जोड्या, एका आठवड्यात. त्या दिवसांत तो पाय मुरगळून खाटेवर होता. उठून मागे गेला तर फांद्यांना डिंक आणि डिंकाला लाल पिसं. एका घरट्यात तीन पिल्लं भुकेनं मेलेली सापडली. ती त्यानं रुमालात गुंडाळून एग्लेकडे आणली.

मग व्हायचं ते झालं. ठिकाण चौघांनाच ठाऊक, त्यांतले तिघं शास्त्रज्ञ. उरला कोण? त्यातच एलादिओच्या जावयानं त्याच महिन्यात मोटरसायकल घेतली. लोकांच्या जिभेला हाड नसतं. बेकरीवाला त्याला पाव देताना विचारायचा, काय दादा, आज काय गातंय घरी? राखणदारांच्या यादीतून त्याचं नाव गेलं. एग्लेनं ते गोड शब्दांत सांगितलं, पण गोड शब्दांनी काय होतं. शास्त्रज्ञांची गाडी त्याच्या फाटकासमोरून न थांबता जायला लागली. आणि मी? मीही म्हणाले. सगळ्यांदेखत, कॉफी पिता पिता म्हणाले, की गरिबाला मोह पडतोच, त्याला एकट्याला काय दोष द्यायचा. मला वाटलं मी फार समजूतदारपणे बोलतेय. हे आठवलं की अजून मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

मी नाही केलं, एवढंच एलादिओ एकदा म्हणाला आणि घरी गेला.

पाखरं गेल्यानंतर चौथ्या महिन्यात शाळेनं त्या वर्षीचे कागद भिंतीवर लावायला मागितले. मूळ कागद दमट हवेनं खराब झाले होते, म्हणून भाचीला म्हटलं, लोकांनी काढलेले फोटो शोधून दे. तिनं फोन माझ्या हातात दिला. माझा तो कागद शेकडो लोकांनी पुढे पाठवला होता. मी खूश होऊन खालची वाक्यं वाचत गेले. बाईंचा हात काय सुरेख आहे. पक्षी जिवंत वाटतो. मग एक वाक्य आलं, किनाऱ्याकडच्या कुणा अनोळखी माणसाचं. टाकी ओळखली, कॉफी न्यायला गेलो होतो त्या रस्त्यावर पाहिली होती. मधल्या झाडाबद्दल बाईंचे आभार. खाली हसरा चेहरा. तारीख पाखरं जाण्याच्या नऊ दिवस आधीची.

भाचीनं विचारलं, मावशी, पाणी देऊ का. मी नको म्हटलं आणि ती तारीख पुन्हा एकदा वाचली.

चोर सोडून संन्याशाला सुळी, म्हणतात ना, ते मी माझ्या हातानं केलं होतं. मी तडक एग्लेकडे जाऊन फोन तिच्यापुढे ठेवला. तिनं वाचलं, चित्र मोठं करून कोपरा पाहिला. तिनं ओरडावं म्हणून मी वाट पाहत होते.

"बाई, मी तुम्हाला तीनदा सांगितलं होतं," एवढंच ती म्हणाली. मग म्हणाली, "आणि मी त्यांच्या घरचं खाऊन त्यांना चोर समजले."

रविवारी गाव जमवायचं आणि एलादिओचं नाव सगळ्यांसमोर साफ करायचं, असं ठरलं. पण एक गोष्ट मी एग्लेलाही सांगितली नाही. टाकी काढायला मला एलादिओनंच सांगितलं होतं. घरी येऊन मी विचार केला, हे कळलं तर म्हातारा मोडून पडेल. ठिपका माझा, नियम मला ठाऊक होता, त्याला नव्हता. दोष माझा म्हणजे माझाच. त्याची ती लहानशी हौस मी माझ्यापाशी ठेवायचं ठरवलं आणि देवाशपथ, ते दोन दिवस मला जरा बरं वाटलं.

रविवारी प्रार्थनेनंतर सभागृह भरलं. एलादिओ शेवटच्या रांगेत बसला होता, मुलीनं ओढून आणला म्हणून. मी उभी राहिले. फोटोवरून छापून घेतलेला कागद दाखवला, कोपरा दाखवला, ते वाक्य वाचलं. म्हणाले, "घर मी काढलं, झाड मी काढलं, ठिपका मी ठेवला. कुणी सांगितलं नव्हतं. पाखरं माझ्या हातानं गेली. एलादिओदादांना जे जे बोललात, ते मला बोला. मीही बोलले होते, ते मी मागे घेते."

मग बेकरीवाला उठला, शेवटच्या रांगेपर्यंत गेला आणि एलादिओचा हात धरून रडायला लागला. मग सगळेच गेले. एग्ले त्याच्यापुढे गुडघ्यांवर बसली. कुणी कॉफी ओतली, कुणी घरून चीज आणलं. जावयाच्या मोटरसायकलवरून पहिल्यांदाच सगळे हसले. एलादिओ मात्र माझ्या हातातल्या कागदाकडे पाहत होता.

मी बाहेर ओट्यावर येऊन उभी राहिले. तो मागून आला, टोपी हातात.

"मास्तरीणबाई, तुम्ही एक गोष्ट गाळलीत."

मी म्हटलं, काही गाळलं नाही.

"टाकी काढा असं मी म्हणालो होतो."

"ते विसरा दादा. तुम्हाला काय ठाऊक? ठिपका माझा होता."

"ठिपका तुमचा. पण तो कुठे आहे, ते माझ्या टाकीनं सांगितलं." त्यानं टोपीची कड बोटांनी चाचपली. "चार महिने लोक मला चोर म्हणत होते. वाईट वाटायचं. पण पाठ टेकली की झोप लागायची. पाखरं कुणी नेली ते माहीत नव्हतं, मी नेली नाहीत एवढं माहीत होतं. आज तुम्ही मला सोडवलंत, बाई, आणि तेवढंही घेतलंत."

माफी मागायची तर कशाची? चित्र काढल्याची, खरं सांगितल्याची, की अर्धंच सांगितल्याची? मी त्याचा हात धरायला गेले, त्यानं धरू दिला, पण तो हात नुसताच माझ्या हातात पडून राहिला.

आतून कुणीतरी हाक मारली, एलादिओदादा, कॉफी गार होतेय. तो म्हणाला, "त्यांना सांगायला हवं."

मी म्हटलं, नका सांगू, कशासाठी सांगायचं आता, पाखरं काही परत यायची नाहीत. त्यानं डोकं हलवलं, टोपी काखेत धरली आणि आत गेला. मी ओट्यावरच थांबले. आत लोक त्याच्या नावानं ओरडत होते, टाळ्या वाजवत होते. मग तो बोलायला लागला आणि आतला आवाज हळूहळू बंद झाला.