चहातलं आलं आणि आखाजीची सुट्टी

बमरोलीच्या त्या कापडाच्या खात्यात दोनशे माग होते, आणि ते एकदम सुरू झाले की आभाळातले ढगसुद्धा गडगडायचे थांबून खाली बघायचे, म्हणायचे, इथं आपलं काय काम? अशा आवाजात माणसाने माणसाशी बोलायचं म्हणजे ओठांनीच. घसा ताणायचा नाही, नुसतं तोंड हलवायचं. समोरचा बघतो आणि समजतो. सगळे कारागीर हे शिकलेले, पण सुकदेवची गोष्ट वेगळी. तीस वर्षं मागावर काढलेला हा अमळनेरकडचा माणूस पांडेसराच्या रेल्वे फाटकापाशी उभ्या असलेल्या मोटारीच्या बंद काचेतून नवरा-बायकोचं भांडण वाचायचा आणि फाटक उघडेपर्यंत चूक कोणाची ते ठरवून मोकळा व्हायचा. शेठच्या ऑफिसातल्या काचपेटीतला मासा पाणी बदला म्हणतोय, असं त्याने एकदा सांगितलं. बदललं, तर मासा तीन दिवस काही बोलला नाही.

अशा माणसाला स्वतःचं मात्र एक वाक्य कोणापर्यंत पोचवता येत नव्हतं. त्याच्या लेकीची, वर्षाची, लग्नानंतरची पहिली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, परवावर आली होती. पहिल्या आखाजीला लेकीला सासरहून आणायला माहेरचा माणूस जातो, त्याला मुराळी म्हणतात. वर्षाला भाऊ नाही, काका नाही. बाप गेला नाही तर पोर पारोळ्याला सासरच्या उंबऱ्यावर पिशवी भरून बसणार, आणि अख्खी गल्ली ते बघणार. सुकदेवला हवी होती चार दिवसांची सुट्टी.

सुट्टी द्यायची गजेंद्र मास्टरने. हा गजेंद्र चार वर्षांपूर्वीपर्यंत सुकदेवच्या शेजारच्याच मागावर होता. मास्टर झाला, काचेच्या केबिनमध्ये बसला आणि त्याने जाहीर केलं की आपण ओठांची बोली विसरलो. खात्यात कोणी सुट्टी मागितली की तो कानाला बोट लावायचा, मान हलवायचा आणि पुढे जायचा. केबिनमध्ये गाठावं तर माग सोडून आलासच कसा म्हणून दम. गेटबाहेर गाठावं तर डोक्यात हेल्मेट. सुकदेवने पंधरा दिवसांत अकरा वेळा मागितली. अकरा वेळा बोट कानाला गेलं.

सुंदराने, म्हणजे त्याच्या बायकोने, अखेर हात टेकले. "तुम्हले राग येस का नई कधी?" तिने विचारलं. सुकदेवने बराच विचार करून सांगितलं की एकदा आला होता, पण तेव्हा कामाची पाळी सुरू व्हायची वेळ झाली होती.

नेमकं त्याच वेळी अडाजणच्या मराठी मंडळाने सिनेमा लावला. मंडळाचे अध्यक्ष विनायकराव, बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांच्या मनात आलं की सिनेमा सामान्य माणसाच्या संतापाचा आहे, तर सामान्य माणसंही बोलवावीत. त्यांनी सुट्टीच्या दिवशी दुपारी बमरोलीला चार बसेस पाठवल्या. सुंदराने नवऱ्याच्या अंगात इस्त्रीचा सदरा चढवला आणि हुकूम सोडला, "सिनेमामा एक माणूस रागावस म्हने. देखी या, शिकी या."

हॉलमध्ये डावीकडे मंडळाची मंडळी बसली, उजवीकडे दोनशे कारागीर आणि पुढच्या रांगेत, पाहुणा म्हणून, गजेंद्र मास्टर. सिनेमाचं नाव इतकं लांबलचक होतं की ते वाचून होईपर्यंत नायकाचं लग्न होऊन गेलं. हा नायक कारखान्यात हजेरी लिहिणारा. अठ्ठावीस वर्षं खाली मान घालून लिहितो, साहेब अपमान करतो, हा गिळतो. प्रत्येक घोटाला डावीकडून हळहळ उठायची. उजवीकडे सुकदेवच्या खात्यातल्या उखाने शेजाऱ्याला कळवलं की याला खुर्ची आहे, पंखा आहे, दुपारी डबा खायला वीस मिनिटं आहेत, आपली मुलगी द्यायला स्थळ वाईट नाही.

मग तो प्रसंग आला. नायक साहेबाच्या काचेच्या केबिनमध्ये शिरतो, दार लावून घेतो, आणि दिग्दर्शकाने आवाज बंद केला. पूर्ण बंद. कॅमेरा काचेच्या बाहेर, आत तो माणूस टेबलावर मुठी आपटतोय, गालांवरून पाणी वाहतंय, तोंड फाटेस्तोवर बोलतोय, आणि ऐकू काहीच नाही. अशी चार मिनिटं. विनायकराव अंधारात उभे राहिले. त्यांच्या पत्नी सुधाताईंनी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं होतं. त्यांनी रुमाल आधी डोळ्यांना लावला आणि मग तोंडात धरला.

तेवढ्यात पुढून कोणीतरी खो खो हसलं. त्या हसण्याला जणू फटाक्यांची माळ लागली. उजवीकडे दोनशे माणसं एकमेकांच्या अंगावर कोसळली. उखा खुर्चीतून घसरला तो खालीच राहिला. सुकदेवलाही हसू फुटलं होतं, पण पहिलं हसणारा कोण ते त्याने पाहिलं, आणि तो हसायचा थांबला.

दिवे लागले. चर्चा ठरलेली होती. विनायकरावांनी माइक हातात घेतला. छत्तीस वर्षं ज्यांनी काउंटरवर कोणाला अरेतुरे केलं नव्हतं, ते आता म्हणाले की एका माणसाचं काळीज फुटलं आणि तुम्ही हसलात, अशाने समाज बुडतो. "काय हसण्यासारखं होतं त्यात? कोणीतरी इथं येऊन सांगा."

उखाने खालूनच सुकदेवला ढकललं.

सुकदेव मंचावर गेला आणि चाचरत सांगू लागला. तो नायक साहेबाला म्हणत होता की सकाळपासून तीनदा बजावलं, माझ्या चहात आलं घालू नका, मला पित्त होतं. काल उपमा दिला त्यात नुसती मोहरी. घरी सोडायला गाडी दिली नाही, रिक्षाने गेलो. मुठी आपटल्या तेव्हा तो म्हणाला, भेंडी दिसली तर मी उद्या येणार नाही. आणि साहेबाचं काम करणारा नट थरथर कापत म्हणत होता, जरा डावीकडे सरक, माझं तोंड झाकतंय.

विनायकरावांनी पुरावा मागितला. सुकदेव म्हणाला की पुरावा म्हणजे, तुम्ही रागावून बोलत होता तेव्हा या ताई शेजारच्या बाईंच्या कानात म्हणाल्या, यांना कोणीतरी बसवा, रक्तदाबाची गोळी घरीच राहिली आहे.

सगळ्यांत आधी सुधाताईच हसल्या. मग डोळे पुसत म्हणाल्या की असेल बाबा चहाचं, पण मला त्याच्या डोळ्यांत खरा राग दिसला होता, तो काही खोटा नव्हता.

"राग खराच होता, ताई," सुकदेव म्हणाला. "पित्ताचा माणूस आहे तो."

यावर डावीकडे दोन तट पडले. एकाचं म्हणणं, आता तो प्रसंग अधिकच थोर झाला. दुसऱ्याचं म्हणणं, तिकीट नव्हतं ते बरं. पुढच्या रांगेत गजेंद्र मास्टर अजून पोट धरून डोळे पुसत होता. सुकदेवने त्याच्याकडे पाहिलं, आणि पायाच्या अंगठ्यापासून काहीतरी वर चढू लागलं. गुडघे ओलांडले, पोट ओलांडलं, कानांच्या पाळ्या तापल्या. हाच तो राग असावा, असं त्याला वाटलं. त्याने माइक खाली ठेवला आणि आवाजाशिवाय तोंड उघडलं.

"मघाशी तू हसना, गजाभाऊ. सगळासना आधी तू हसना. म्हणजे तुले समजस. अकरा डाव मांगी. मनी वर्षानी पहिली आखाजी शे, तिले भाऊ नई, मुराळी मीच शे. चार दिन दे. आजपाईन."

डावीकडच्यांना वाटलं की हा सिनेमातला प्रसंग करून दाखवतोय. त्यांनी टाळ्या वाजवल्या. विनायकराव तर म्हणाले, वा, मूळ नटापेक्षा सरस. उजवीकडे दोनशे माना सावकाश पुढच्या रांगेकडे वळल्या.

गजेंद्रचं बोट सवयीने उठलं. खांद्यापर्यंत आलं. तिथे त्याला डोळ्यांच्या दोनशे जोड्या दिसल्या, आणि बोट तिथेच अधांतरी थांबलं. कुठे न्यावं ते न कळून त्याने मिशी खाजवली. मग ओठ अगदी जरासे हलवले, "चार दिन. जाय."

तेवढ्यावर सुकदेव उतरला असता. पण राग नवाकोरा होता, वाया कसा घालवायचा? त्याने स्वतःच्या कानाला बोट लावलं आणि मान हलवली.

गजेंद्रला उभं राहावं लागलं. त्याने घसा खाकरला आणि भर हॉलमध्ये, मंडळाच्या अध्यक्षांसमोर, मोठ्याने सांगितलं की सुकदेवला आजपासून चार दिवस सुट्टी, त्याचा माग मी बघतो. मंडळींनी यालाही टाळ्या दिल्या, कारण संवाद ठसकेबाज होता. तेवढ्यात उखा जमिनीवरून उठला आणि न बोलता बोलू लागला. त्याच्या मागे सुट्टी मागणारे आणखी सतरा जण. गजेंद्र नुसता मान डोलवत राहिला. विनायकराव प्रत्येकाला वन्समोअर देत होते.

सुकदेव त्यातलं काही बघायला थांबला नाही. रिक्षा करून तो थेट उधना स्टेशनवर पोचला, तेव्हा ऊन अजून उतरायचं होतं आणि नंदुरबारकडची गाडी लागलेली होती. त्याने सुंदराला फोन लावला. तो इतक्या मोठ्याने बोलला की फलाटावरच्या हमालांनी डोक्यावरचे बोजे खाली ठेवले आणि गाडीच्या ड्रायव्हरने खिडकीतून मान बाहेर काढली.

"पारोळाले फोन कर. पोरले सांग, मुराळी निंघना."