तळघरातला नववा ड्रम

मित्रांनो, मी दोनशे लिटरचा लोखंडी ड्रम आहे. जुना, आणि आता पोट फाटलेला. कारखान्यात मला हवा भरून पाण्यात दाबले होते. एकही बुडबुडा आला नाही, तेव्हा तपासनिसाने माझ्या पाठीवर थाप मारली. तेवढेच माझे कौतुक.

जनरेटर भाड्याने देणाऱ्या एका माणसाने मला घरी नेले. तळघरात आठ ड्रम आधीच होते. सगळ्यांच्या पोटात पेट्रोल. बरोबर वरच्या खोलीत त्याची म्हातारी आई झोपत असे.

एवढे इंधन घरात ठेवायचे तर अग्निशमन केंद्राला लेखी कळवावे, असा नियम होता. त्याच्या बायकोने अर्ज आणला, स्वतः भरला. फक्त त्याची सही हवी होती. मी डुगडुगत होतो, म्हणून त्याने अर्जाची घडी करून माझ्या बुडाखाली सरकवली.

"आज कागद दिला की उद्या तपासणी. कशाला विकतचं दुखणं?"

तिने सासूबाईंची आठवण करून दिली. त्यांना अजून किती दिवस जगायचंय, असे म्हणून तो जिना चढून गेला.

एका दुपारी कोपऱ्यातला बॅटरी चार्जर पेटला. शेजारच्या चिंध्या धुमसू लागल्या. बंब आला. उंचीमुळे ज्याला सारे 'शिडी' म्हणत, त्या जवानाने म्हातारीला पाठुंगळी घेऊन बाहेर आणले. मग मालकाला विचारले, "खाली काय आहे?"

"जुनं सामान."

बायको सासूला पाणी पाजत होती. ते ऐकून ती ओरडत धावली, पण तोवर शिडी पाण्याचा पाइप घेऊन तळघरात उतरला होता. माझ्यापासून तीन पावलांवर आला, आणि मी फुटलो.

चौकशीत मालक म्हणाला, साठ्याचे सगळे बायकोच बघायची. घर तिच्याच नावावर होते आणि अर्ज जळून गेला होता. मग म्हातारीला विचारले. तिने मुलाकडे पाहिले, सुनेकडे पाहिले नाही.

"सूनच बघायची," ती म्हणाली.

शिक्षा सुनेला झाली.

हल्ली मी अग्निशमन केंद्राच्या फाटकाशी उभा असतो. नव्या जवानांना माझे फाटलेले पोट दाखवतात. परवा समोरच्या रस्त्याने मालकाचा टेम्पो गेला. मागे कोरे करकरीत ड्रम होते.

मित्रांनो, मला वाचा नाही. तुम्ही तरी कळवा.