हिरव्या पेनाची ओवाळणी

त्या भाऊबीजेला हिरवं पेन क्रांतीला मिळालं.

आता हे वाक्य विसरून जा. तसं काही झालंच नाही, असा हंबीररावांचा हुकूम आहे. हंबीरराव सैन्यात स्टोअरचे कारकून होते, त्यामुळे त्यांनी जी गोष्ट नोंदवली नाही ती जगात घडलेलीच नसते. तेव्हा आपणही काही झालं नाही असं धरून सुरुवातीपासून बघू.

हंबीरराव आष्ट्याचे. नोकरीत जिथं जिथं बदली झाली तिथून त्यांनी शाईपेनं, शाईच्या बाटल्या आणि जाड गुळगुळीत कागद आणले, आणि सगळं एका काळ्या ट्रंकेत घालून ठेवलं. चांगल्या प्रसंगाला वापरायचं म्हणून. पुढे घरात दोन लग्नं झाली, नातवंडांची बारशी झाली, पेन्शनही मंजूर झाली. यातला एकही प्रसंग हंबीररावांना पुरेसा चांगला वाटला नाही. थोरली क्रांती दहावीला पहिल्या वर्गात आली तेव्हा त्यांनी ट्रंक उघडून एक हिरवं पेन तिच्या हातात दिलं, "छान हाय न्हवं?" म्हणाले, आणि परत घेऊन ट्रंकेत ठेवलं. पेन तिच्या हातात जेमतेम शिंक येऊन जाण्याइतका वेळ होतं. तेवढ्या भांडवलावर ती चाळिशीपर्यंत आली.

क्रांती लग्न होऊन सांगलीला असते, शिवणाचे क्लास घेते. धाकटा वीरधवल साताऱ्यात ट्रॅक्टर विकतो. दोघांचं वैर जुनं आणि नीट सांभाळलेलं. त्या ट्रंकेवरून दोघं इतके भांडले, की गेल्या उन्हाळ्यात हंबीररावांनी दोघांना आष्ट्याला बोलावलं आणि जिवंतपणीच वाटणी जाहीर केली.

"एकानं वाटे घालायचे, दुसऱ्यानं उचलायचा," ते म्हणाले. रानाची वाटणी अशीच होते. थोरली म्हणून वाटे क्रांतीने घालायचे ठरले.

इथं क्रांतीने डोकं चालवलं. वीऱ्याला ती पाळण्यापासून ओळखत होती. दोन लाडू समोर ठेवले तर हा मोठा उचलणार, मग तो कालचा शिळा का असेना. तिने एका बाजूला शाईच्या सगळ्या बाटल्या आणि कागदाचे सगळे गठ्ठे रचले. ढीग पार कमरेएवढा झाला. दुसऱ्या बाजूला बिस्किटाचा एक डबा, त्यात सगळी पेनं. मग ती दमल्यासारखं करून बसली.

वीरधवलने ढिगाकडे बघितलं, डब्याकडे बघितलं, बहिणीच्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि डबा उचलला.

"आक्के, तू एवढी गप हाय म्हंजे काय तरी हाय," तो म्हणाला.

वर हंबीररावांनी अटी घातल्या. "आता नवं काय घ्यायचं न्हाई. आहे त्यात मजा करायची. जो दुकानाची पायरी चढंल त्याचा वाटा जप्त. आनि ज्याचा माल त्याच्या जिल्ह्यात. पेनं साताऱ्याभाईर काढायची न्हाईत, शाई सांगलीभाईर जायची न्हाई. न्हाईतर रोज चोरीची कंप्लेंट ऐकत बसू का मी?"

दोघांनी मान हलवली. घरी पोचल्यावर वीरधवलकडे पेनंच पेनं होती आणि शाईचा थेंब नव्हता. क्रांतीकडे शाईचा साठा होता आणि लिहायला काही नव्हतं. हुकूम मात्र मजा करायचा होता. आणि हंबीररावांच्या घरात हुकूम पाळतात.

क्रांतीने आधी उसाच्या तुऱ्याचा दांडा तासून त्याची लेखणी केली. तिने कागदावर एक काळी म्हैस काढली, म्हणजे काढायला गेली होती स्वतःचं नाव. त्या कागदावर डॉटपेन चालवायचं तिच्या मनातसुद्धा आलं नाही. वैर असलं तरी माणसाने काही पातळी सांभाळावी. मग ती रोज बाटलीतून एक थेंब कागदावर सोडायची आणि फोटो 'आष्टा रेजिमेंट' या घरच्या ग्रुपवर टाकायची. "बघा, पाठीमागं उतरली नाही. काय कागद आहे!"

वीरधवल साताऱ्यात पेनांत पाणी भरून लिहायचा. कोऱ्या कागदाचा फोटो यायचा. "आज तीन पानं लिहिली. लय मजा." पाण्याचा कंटाळा आला तेव्हा त्याने बिटाचा रस भरला. बिटानंतर हळदीचं पाणी. एक पेन बसलं, दुसरं तुंबलं, तिसऱ्याच्या टोकातून काहीतरी वास येतो असं त्याच्या बायकोने ग्रुपवर लिहिलं आणि लगेच काढून टाकलं.

आणि दिवाळीच्या तोंडावर त्याचा मेसेज आला. "भाऊबीज झाली की हिरव्याचा नंबर. त्यात उसाचा रस घालनार हाय. ताजा. आलं-लिंबू मारून."

क्रांती शिलाई मशीनवर बसली होती. एका गिऱ्हाइकाच्या ब्लाउजला तिने त्या दिवशी तीन बाह्या लावल्या.

हिरव्या पेनाला मुंग्या लागणार. ते दिसायला लागल्यावर तिने सरळ सापळा लावला. ग्रुपवर टाकलं, "शाईच्या कपाटाची कडी मोडलीय. सुतार दिवाळीनंतर येणार. कुणी कपाटाला हात लावू नये." साताऱ्यातून लगेच उत्तर आलं. "भाऊबीजेला येतोय. मुक्कामी."

तो आला तेव्हा ऊन मी म्हणत होतं आणि त्याने जाकीट घातलं होतं. छातीशी पाच उंचवटे.

"काय रं, थंडी वाजतीय?"

"साताऱ्याची माणसं आमी. सवय असती."

"खिशात काय हाय?"

"हृदय."

"पाच?"

हंबीरराव आदल्या दिवशीच आले होते आणि खुर्चीत बसून चकली आवाज न करता चावायचा प्रयत्न करत होते. क्रांतीने पाट मांडला, रांगोळी काढली, भावाला बसवलं आणि कपाळाला टिळा लावला. टिळा ओघळून नाकाच्या शेंड्यापर्यंत आला.

वीरधवलने हुंगलं. "आक्के, ही शाई हाय."

"कुंकू संपलंय. नवं आणायचं न्हाई. आहे त्यात भागवायचं, आबांनीच सांगितलंय."

"बरोबर हाय," हंबीरराव चकलीतून म्हणाले.

तिने ओवाळलं. मग ताट आपल्या पावलांपाशी ठेवलं, आणि निरांजन उचलून बाजूला केलं. ते कशासाठी, हे त्या क्षणी फक्त तिला माहीत होतं. वीरधवल लहानपणापासून नमस्कार करताना वाकत नाही, कोसळतो. तो उठला, जाकिटाची चेन लावायला विसरला, आणि बहिणीच्या पायांवर कोसळला. पाचही पेनं ताटात पडली. हिरवं सुपारीला टेकून थांबलं.



"ताटात पडलं ते ओवाळणी," क्रांती म्हणाली आणि हिरवं पेन उचलून कमरेला खोचलं.

"पडलंय! दिलेलं न्हाई!"

"वाकलास कशाला मग?"

"पाया पडायला! तुज्या! चूक झाली!"

"आबा, सांगा तुमी. ताटातलं परत घेत्यात का?"

हंबीरराव उभे राहिले. मुलगी पेनाकडे बघत होती, मुलगा कपाटाकडे. त्यांनी मात्र गुन्हे मोजले. "ओवाळणी म्हंजे ओवाळणी. हिरवं पेन क्रांतीचं."

क्रांतीने श्वास सोडला.

"पर पेनं सातारा जिल्ह्याभाईर आली. मालखेड सोडून कासेगाव लागलं तिथंच तुजा वाटा जप्त झाला, वीऱ्या. आनि हिनं शाई तुज्या कपाळावर दिली, ती साताऱ्याला चाललीय. हिचाबी वाटा जप्त. समदं ट्रंकेत. हिरवंसुदिक. चांगला प्रसंग आला की काढू. आनि आज हितं काय झालेलं न्हाई. समजलं?"

"आवं आबा, असं कसं?" क्रांती ओरडली. "एक जिल्हा असता तर गुन्हाच झाला नसता!"

"व्हय, नसता झाला. माज्या बापाच्या वेळी एकच व्हता. सरकारनं तोडला. मी काय करू? जा, सरकारला सांग." आणि ते बाटल्या भरायला पोतं शोधत परसात गेले.

पोतं सापडेपर्यंतचा वेळ क्रांतीकडे होता. तिने कपाट उघडलं, निळीकाळी बाटली काढली, पेनाचं शेपूट फिरवलं. शाई आत जाताना बारीक आवाज झाला. कागदावर टोक ठेवलं तर ढकलावं लागलंच नाही, पेन आपलं आपण निघालं. ओली रेघ चमकली, तिच्या डोळ्यांदेखत वाळली आणि कडेने किंचित लालसर झाली. थेंबांचे एवढे फोटो काढले होते, पण ही शाई रेघेत अशी दिसते हे तिला माहीत नव्हतं. तिने पंचवीस वर्षं मनात धरलेला राग त्या एका रेघेत मावला नाही, म्हणून दुसरी ओढली.

शेजारी वीरधवल बसला. त्याने एक पेन उघडलं, टोक कपाळावरच्या टिळ्यात बुडवलं आणि तिच्याच कागदाच्या कडेला लाल सही केली. मग परत कपाळ, परत सही.

"कोपर काढ," ती म्हणाली.

"तू काढ. काय लिहितीयास?"

"आबांनी सांगितलं ते."

"जिल्ह्याचं नाव साताराच लिव्ह. न्हाईतर सही खोडीन."

"कपाळ वाळायच्या आत दुसरी कर. दोन प्रती लागत्यात."

परसातून पोतं झटकल्याचा आवाज आला. क्रांतीने हात न थांबवता शेवटपर्यंत लिहिलं:

'प्रति, मा. जिल्हाधिकारी, सातारा, व मा. जिल्हाधिकारी, सांगली. विषय: दोन्ही जिल्हे पूर्ववत एक करणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून अर्ज करण्यात येतो की, आमचे एक हिरवे पेन व त्याची शाई सध्या दोन वेगवेगळ्या जिल्ह्यांत वास्तव्यास असल्याने घरगुती अडचण निर्माण झाली आहे. तरी मौजे मालखेड व मौजे कासेगाव यांमधील जिल्हा हद्द तात्काळ रद्द करण्यात यावी, आणि तसा आदेश आमचे वडील परसातून घरात येण्यापूर्वी निर्गमित व्हावा, ही नम्र विनंती.'