सभेच्या दिवशीचं ऊन

सभा संपल्यावर बायकांनी टाळ्या वाजवल्या, तेव्हा दौलतरावांना संशय आला.

प्रदूषण मंडळाच्या भिलाईतल्या कचेरीत ते जनसंपर्क अधिकारी होते. कारखान्यांच्या धुराबद्दलचा लोकांचा गैरसमज दूर करणं हे त्यांचं काम. धूर दूर करणं हे दुसऱ्या विभागाचं काम होतं आणि त्या विभागात सध्या कुणी नव्हतं. आजवर लोकांनी त्यांना शिव्या दिल्या, घेराव घातला, एकदा जीपच्या चाकांतली हवा सोडली. हे सगळं रीतसर होतं. टाळ्या मात्र कुणी वाजवल्या नव्हत्या.

जामुल रस्त्यावरच्या या वस्तीत बहुतेक घरं वऱ्हाड-नागपूरकडची. पलीकडे एका शेठची लोखंडाची भट्टी. जाताना बायकांनी पुढची सभा कधी, असंही विचारलं. दौलतरावांनी आधी युनियनवर संशय घेतला, मग येत्या निवडणुकीवर, शेवटी स्वतःच्या ड्रायव्हरवर.

शुक्रवारी वस्तीतली भागाबाई कचेरीत आली. सोमवारी सभा ठेवा म्हणाली.

"कोणी पाठवलं तुमाले?" कचेरीत शुद्ध बोलायचं, हा स्वतःचाच नियम दौलतराव विसरले.

"कोन पाठवते? तुमी येता ना साहेब, त्या दिवशी ते धुराडं बंद रायते. मंग आमी वाळवण घालतो."

मंडळाकडे खुर्च्या नव्हत्या. खुर्च्या आणि चहा भट्टीकडून येत. म्हणून सभेच्या आदल्या दिवशी दौलतराव तिथला मॅनेजर हिरालाल याला फोन करत. त्यात शिष्टाचारापलीकडे काही आहे, असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. जगावर संशय घेणाऱ्या या माणसाने फक्त आभाळावर विश्वास ठेवला होता. प्रत्येक भाषणात ते वर बोट दाखवून म्हणत, पाहा, कुठे आहे धूर? आणि मनापासून म्हणत.

"आन् टाळ्या?"

"तुमी लांबवलं ना भाषण. पापड कडक वाळले."

त्यांनी लेखी तक्रार द्यायला सांगितलं.

"देल्ली होती. मंग तुमी आले सभा घ्याले."

मग तिने खरं काम सांगितलं. दुर्गाचं, तिच्या मुलीचं, लग्न जमलं होतं. सासर नागपुरातल्या इतवारीचं, सासरे रेल्वेत. रुखवतासाठी केलेल्या कुरडयांवर काजळी बसली, त्या ढोरांना घातल्या. आता उरलेला गहू भिजत घातला होता. सोमवारी चीक निघणार, आणि चीक थांबत नाही, आंबतो.

"काळ्या कुरडया मांडू का रुखवतात? जलमभर पोरीले आयकवतीन."

दौलतराव आपल्या वरच्या साहेबांकडे गेले. भट्टीवर एकदा न कळवता जावं, असं सुचवलं. साहेब म्हणाले, तसा प्रघात नाही. मग चष्म्यावरून बघत त्यांनी विचारलं, तुम्हाला भेटायला कोण आलं होतं?

रविवारी दौलतरावांनी फोन लावला.

"अभी तो हुई थी सभा," हिरालाल म्हणाला.

"लोगों की बड़ी माँग है," दौलतराव म्हणाले. नोकरीत हे वाक्य ते पहिल्यांदाच खरं बोलत होते.

सोमवारी धुराडं गप्प होतं. भट्टीच्या खुर्च्या आल्या, त्यांवर कुणी बसलं नाही. बायका सोऱ्याला जुंपल्या होत्या. बाजांवर धोतरं अंथरून पांढऱ्याशुभ्र कुरडया पडत होत्या. दौलतरावांच्या हातात भागाबाईने काठी दिली आणि कावळ्यांकडे पाहायला सांगितलं.

दुपारी हिरालाल स्कूटरवर आला. त्याने खुर्च्या पाहिल्या, बाजा पाहिल्या, सफारीतले काठीवाले साहेब पाहिले.

"सभा कहाँ है?"

भागाबाईचे हात थांबले. कुरडया अजून ओल्या होत्या. सभा नाही म्हटलं, की भट्टी पेटायला कितीसा वेळ लागणार.

"शुरू हो रही है. बैठिए," दौलतराव म्हणाले आणि माइकपाशी गेले.

सभा संपेपर्यंत भट्टीच्या माणसाने थांबायचं, ही रीत होती. हिरालाल एका खुर्चीवर बसला. दौलतराव बोलू लागले. पर्यावरणावर बोलले, नागरिकांच्या कर्तव्यावर बोलले, झाडांवर बोलले. या वेळी वर बोट केलं नाही. हिरालाल घड्याळाकडे, मग त्यांच्याकडे पाहत राहिला. उद्या मंडळाच्या साहेबांना फोन जाणार, हे दोघांनाही कळत होतं.

ऊन उतरेपर्यंत दौलतराव बोलत होते. मध्येच एखादा कावळा बाजेवर उतरे. मग ते वाक्य अर्धं सोडून माइकवरूनच "हाऽट" म्हणत, आणि पुढचं वाक्य सुरू करत.